साक्षीदार, अंगठा आणि सहा आकडे

बँकेच्या नियमांत पायाच्या अंगठ्यालाही जागा आहे. खातेदार अंथरुणाला खिळलेला असेल, सही करता येत नसेल, दोन्ही हात गमावलेले असतील, तरी त्याचे पैसे अडू नयेत म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवले आहे, की पायाच्या अंगठ्याचा ठसा चालेल, नुसती खूणही चालेल. ती खूण त्याचीच आहे हे दोन साक्षीदारांनी सांगावे आणि त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा. खातेदार बँकेत येऊच शकत नसेल, तर पैसे कोण नेणार ते त्याने सांगावे, आणि नेणाऱ्यालाही दोघांनी ओळखावे.

माणूस किती अडचणीत सापडू शकतो आणि तरीही पैसा त्याचाच कसा राहतो, याचा इतका बारकाईने विचार केलेला नियम सरकारी कागदांत क्वचित सापडतो. तो वाचल्यावर परभणी, गंगाखेड किंवा जिंतूरच्या कुठल्याही बँकेसमोर बाजाराच्या दिवशी तासभर उभे राहावे. खिडकीवर खातेदाराला पहिला प्रश्न येतो तो नावाचा नसतो, गावाचाही नसतो. “मोबाईल चालू आहे का? नंबर कोणाचा आहे?” असे विचारले जाते. नंबर बंद असेल, दुसऱ्याचा असेल, किंवा फोन मुलाबरोबर पुण्याला गेला असेल, तर समोर उभे असलेले माणूस समोर असूनही ओळखीचे ठरत नाही. निदान कार्ड, अ‍ॅप आणि यंत्रांच्या नव्या व्यवहारांत तरी ठरत नाही.

ठेवीदाराला ओळखायचे कोणी, या प्रश्नाला परभणीत दोनशेहून अधिक वर्षांत किती वेगवेगळी उत्तरे मिळाली, त्याची ही हकिकत आहे.

सर्वांत जुनी ओळख हत्याराची होती. पेशवाईतले महजर आणि करारनामे पाहिले, की लिहिता न येणाऱ्यांची निशाणी दिसते. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो, न्हाव्याच्या नावापुढे आरसा, आणि इतर बलुतेदारांपुढे त्यांचे त्यांचे अवजार. ‘निशाणी नांगर’ हे शब्द लिहिले, की दस्त पक्का झाला. ती खूण कोणीही काढू शकला असता, हे उघड आहे. पण ती काढताना चार गावकरी बसलेले असत, आणि खरी सही त्या चौघांच्या डोळ्यांची होती.

परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात होती आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. इथल्या शेतकऱ्याची बचत कागदावर कमी आणि जमिनीत जास्त असे. ज्वारी चांगली पिकली, की ती पेवात जाई. जमिनीत खोल खणलेला, कडब्याचे आतून अस्तर दिलेला, तोंडाशी अरुंद असा हा खड्डा म्हणजे घराची ठेव होती. पेव उघडताना आतल्या हवेने माणूस गुदमरू नये म्हणून ते आधी मोकळे सोडावे लागे. एखादी गोष्ट एकदम भरमसाट वाढली, की ‘पेव फुटले’ असे आपण अजून म्हणतो, पण तो खड्डा ज्यांनी पाहिला त्यांची पिढी आता सरत आली. दुसरी ठेव बाईच्या अंगावर असे. गोठ, पाटल्या, वाळे, तोडे. या दोन्ही ठेवींना ओळखपत्र लागत नव्हते. ज्याचे पेव त्याची ज्वारी, जिच्या हातात गोठ तिची चांदी.

कागद आला तो कर्जाबरोबर. सावकाराच्या वहीत नाव चढले, की अंगठा आला. आणि इथे परभणीच्या शेतकऱ्याच्या वाट्याला एक जास्तीची अडचण होती. तो मराठी बोले, सावकाराची वही मोडीत किंवा मारवाडी लिपीत असे, आणि कचेरीतला दस्त उर्दूत. निजामाच्या राज्यात कारभाराची आणि कोर्टाची भाषा उर्दू होती. म्हणजे ज्या कागदावर अंगठा उठवायचा तो वाचता तर येत नसेच, पण कोणी वाचून दाखवला तरी समजेल याची खात्री नसे. शेजारच्या इंग्रजी मुलखात १८७५ साली पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला आणि शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोरच, त्याला समजावून लिहिला जावा, अशी सोय झाली. निजामाच्या हद्दीत तो कायदा लागू नव्हता.

आपण ज्याला अडाणीपणाची खूण मानतो तो अंगठा मुळात खेड्यातला नाहीच. तो साहेबाच्या कचेरीतून आला. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर इथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून रस्त्याच्या खडीच्या करारावर सहीऐवजी सगळ्या पंजाचा ठसा घेतला. करार मोडताना ‘ही सही माझी नाही’ असे म्हणायची त्याला सोय राहू नये, एवढाच हेतू होता. पुढे हर्शेलने पेन्शनदारांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, कारण मेलेल्या पेन्शनदारांच्या नावावर दुसरेच पैसे उचलत होते. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचे कार्यालय उघडले. त्याची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय माणसांचे काम मोठे होते. ‘नि. डा. हा. अं.’, म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा, ही अक्षरे मग मराठी दस्तांवर कायमची बसली.

नांगराची निशाणी आणि अंगठा यांत फरक मोठा आहे. नांगर सांगतो, हा माणूस गावात कोण आहे. अंगठा सांगतो, हे शरीर तेच आहे. गावाची साक्ष इथे पहिल्यांदा बाजूला सरकली. तरी अंगठा माणसाच्या हाताला चिकटलेला होता. तो कोणी भाड्याने देत नव्हते आणि महिन्याच्या शेवटी तो बंदही पडत नव्हता.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी रेल्वे परभणीतून गेली आणि कापसाचा पैसा आला. सेलू, मानवत, परभणी इथे जिनिंग उभे राहिले. हंगामात गाड्या भरून सरकी आणि रुई जाई, आणि नाणे येई. हे नाणेही दोन प्रकारचे. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण हिशेब. हैदराबाद संस्थानाने १९१८ पासून स्वतःच्या नोटाही काढल्या. इतर कुठल्याही संस्थानाला ती मुभा नव्हती. कापूस मुंबईच्या दराने विकायचा आणि सारा हालीत भरायचा, या उलाढालीत मधल्या माणसाची कसर कायम सुटे.

मग १९४१ च्या कायद्याने हैदराबाद स्टेट बँक निघाली. संस्थान गेले, १९५६ मध्ये भाषावार रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी या बँकेचे नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाले. हाली सिक्का १९५९ पर्यंत चलनात राहून मग इतिहासजमा झाला. मराठवाड्यात या बँकेला कोणी पूर्ण नावाने हाक मारली नाही. शिकलेल्यांची ती ‘एसबीएच’, आणि खेड्यातल्यांची ‘हैदराबाद बँक’. गाव महाराष्ट्रात, बँक हैदराबादची, यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

१९ जुलै १९६९ ला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँक तालुक्याच्या पुढे सरकली. १९७६ मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक होतीच. पीककर्ज, अनुदान, विमा असा शेतकऱ्याचा बहुतेक पैसा तिच्या खिडकीतून जाई. आणि या सगळ्या बँकांत खाते उघडायचे तर एक माणूस लागे, तो म्हणजे ओळखदार. अर्जावर जुन्या खातेदाराने सही करायची, की मी या इसमाला अमुक वर्षे ओळखतो. गावातला मास्तर, किराणा दुकानदार, सोसायटीचा सचिव, आडत्या यांच्या सह्यांवर परभणी जिल्ह्यातली कितीतरी खाती उघडली आहेत.

ही पद्धत गोड होती असे म्हणून भागणार नाही. ज्याला गावात पत नाही त्याला ओळखदार मिळत नसे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या मजुराला, परित्यक्ता बाईला, पालावर राहणाऱ्या माणसाला ‘तुला मी ओळखतो’ असे कागदावर लिहून देणारा कोण होता? मिळालाच तर त्याच्या उपकाराखाली राहावे लागे. कर्जप्रकरणाच्या वेळी तोच ओळखदार दलाल होई. म्हणून रिझर्व्ह बँकेने २००२ पासून ‘आपला ग्राहक ओळखा’ हे नियम आणले, कागदपत्रांवर भर दिला, आणि पुढे ओळखदाराची सही मागू नका असे स्पष्टच बजावले, तेव्हा गरिबाची एक बेडी खरोखर तुटली. शिधापत्रिका आणि मतदार ओळखपत्र यांनी मास्तराची जागा घेतली. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली आणि ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांच्या हातात पासबुक पडले.

फोन त्याआधीच आला होता, पण मागच्या दाराने.

सन २००० च्या आसपास खाते उघडण्याच्या अर्जात दूरध्वनी क्रमांकाचा एक रकाना असे. तो भरलाच पाहिजे असे नव्हते. परभणीच्या खेड्यांत फोन होता तो दुकानदाराकडे, नाहीतर एसटीडीच्या पिवळ्या पाटीखाली. लोक शेजाऱ्याचा नंबर देत आणि पुढे कंसात ‘पी. पी.’ लिहीत. लग्नपत्रिकांवरही ही दोन अक्षरे छापली जात. फोन आला की दुकानातले पोर धावत जाऊन निरोप देई. नंबर दुसऱ्याचा आहे यात लपवण्यासारखे काही नव्हते. उलट, निरोप पोहोचवणारा माणूस आहे याची ती खात्री होती. मोबाईल आल्यावरही ही सवय तशीच राहिली. जनधनच्या शिबिरात बायांच्या अर्जांवर नवऱ्याचा, दिराचा, पुतण्याचा नंबर पडला. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्यांच्या अर्जावर कुठे कुठे अर्ज भरणाऱ्याचाच. त्या दिवशी तो एक रकाना होता. तो पुढे तिजोरीची किल्ली होणार आहे, हे कोणी कोणाला सांगितले नाही.

किल्ली कशी झाली, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. १ ऑगस्ट २००९ पासून इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना जास्तीची एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली, कारण कार्डावरचे आकडे चोरून कोणीही खरेदी करत होते. ही पडताळणी हळूहळू मोबाईलवर येणाऱ्या सहा आकड्यांवर, म्हणजे ओटीपीवर, स्थिरावली. २०११ मध्ये कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराचा संदेश ग्राहकाला गेला पाहिजे असा आदेश निघाला. मग ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आले, आणि ठेवीदाराच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे. बँकांनी ग्राहकांना संदेशासाठी नोंदणी करायला सांगावी, आणि जो मोबाईल नंबर देणार नाही त्याला एटीएममधून रोकड काढण्यापलीकडे कुठलीही इलेक्ट्रॉनिक सोय देऊ नये, असे ते सांगते. सहकारी बँकांसाठी याच धर्तीचे परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात आले. एटीएमचे तेवढे दार नंबराशिवाय उघडे होते. १ जानेवारी २०२० पासून स्टेट बँकेने रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत दहा हजार आणि त्यावरची रक्कम काढताना ओटीपी मागायला सुरुवात केली, आणि १८ सप्टेंबर २०२० पासून ही अट दिवसभरासाठी झाली. तोवर ‘हैदराबाद बँक’ १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन होऊन गेली होती, म्हणजे परभणीच्या तिच्या जुन्या खातेदारांनाही हीच अट.

या नियमांचा हेतू वाईट नव्हता, आणि त्यांचा फायदाही झालेला आहे. अंगठेबहाद्दर बाईने हजार रुपये मागितले, बँकमित्राने दोन हजार काढून हजार तिच्या हातावर ठेवले, हा प्रकार पूर्वी पासबुक छापेपर्यंत कळत नसे. आता संदेश येतो आणि घरातले शाळकरी पोर तो वाचून दाखवते. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली पिग्मी ही रोजच्या बचतीची योजना आपल्याकडच्या पतसंस्थांनी उचलली. त्या पिग्मीच्या एजंटाने रोजचे पन्नास रुपये खरेच भरले की नाही, हेही जिथे संदेश येतो तिथे त्याच दिवशी समजते. २०१७ च्या त्याच परिपत्रकाने ठेवीदाराला एक मोठे संरक्षणही दिले. त्याची चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे पळवले आणि त्याने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे नुकसान शून्य. पण हे संरक्षण सुरू होते संदेश मिळाल्यापासून. ज्याला संदेशच मिळत नाही त्याने काय करायचे?

आणि असे लोक थोडे नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ७८.६ टक्के स्त्रियांनी सांगितले, की बँकेत आपले खाते आहे आणि ते आपण स्वतः वापरतो. स्वतः वापरायचा मोबाईल आहे असे सांगणाऱ्या मात्र ५३.९ टक्के. शंभरातल्या निदान सुमारे पंचवीस बायांचे खाते स्वतःचे आणि ते उघडणारा फोन दुसऱ्याच्या खिशात, असा याचा अर्थ होतो. २०११ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे ७३ टक्के असलेल्या परभणी जिल्ह्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक, जिथे कारखाना तिथे. कोयता जोडीचा असतो, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता. फोन बहुधा नवऱ्याचा. बाईकडे असलाच तर बटणाचा जुना फोन, आणि फडात चार्ज करायला वीज नाही, रिचार्जला सुटे पैसे नाहीत. आता हिशेब असा. नव्वद दिवस वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस राखून मग दुसऱ्याला देता येतो, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. नव्वद आणि नव्वद मिळून होतात एकशे ऐंशी दिवस, आणि ऊसतोडीचा लांबलेला हंगामही साधारण तेवढाच. टोळी निघाली तेव्हा निपचित पडलेला नंबर परत येईतो दुसऱ्याच कोणाच्या खिशात वाजू शकतो, आणि तिच्या खात्याचे सहा आकडे त्या अनोळखी माणसाला जाऊ शकतात.

नंबर जिवंत ठेवायचा तर किती खर्च येतो? २०१८ च्या अखेरीपर्यंत येणारे फोन आणि संदेश जवळजवळ फुकट होते. मग किमान रिचार्जची अट आली आणि दर चढत गेले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर २८ दिवसांचा साधा प्लॅन दोनशे रुपयांच्या घरात गेला. १९९ रुपयांचा धरला तर वर्षाला तेरा वेळा, म्हणजे २,५८७ रुपये. स्टेट बँक बचत खात्यावर जून २०२५ पासून वर्षाला अडीच टक्के व्याज देते. २,५८७ रुपये व्याज मिळवायचे तर खात्यात वर्षभर एक लाख तीन हजारांहून जास्त रक्कम पडून हवी. फोन इतर कामालाही येतो हे खरे. पण ज्या म्हातारीचा फोन केवळ ‘बँकेचा नंबर आहे, बंद पडू देऊ नको’ म्हणून चालू ठेवलेला आहे, तिची ठेव दरवर्षी थोडी थोडी कंपनीकडे जाते आहे. नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने जानेवारी २०२५ पासून केवळ फोन आणि संदेशांचे, इंटरनेटशिवायचे प्लॅन मिळू लागले. लांब मुदतीचा असा प्लॅनही अठराशे रुपयांच्या आसपास जातो.

इथे दोनशेहून अधिक वर्षांच्या गोष्टीला पडलेले वळण नीट पाहिले पाहिजे. नांगराच्या निशाणीमागे गाव होते. अंगठ्यामागे शरीर होते. ओळखदारामागे, भला असो की लबाड, एक नाव असलेला माणूस होता. मोबाईल नंबर ठेवीदाराचा नाही आणि बँकेचाही नाही. तो तिसऱ्याच कंपनीकडून २८ दिवसांच्या भाड्याने घेतलेला आहे. भाडे चुकले की पैसा जातो असे नाही, पण पैशाकडे जाणारी वाट बंद होते. आपल्याच पैशाला आपली ओळख पटवण्यासाठी भाडे भरावे लागते, असे या जिल्ह्यात सावकाराच्या काळातही नव्हते. सावकाराने व्याज पिळून घेतले, जमिनी गिळल्या, पण ‘तू तूच कशावरून?’ असे दारात उभ्या असलेल्या कुळाला त्याने विचारले नाही.

भाषेचेही तसेच. निजामाच्या काळात उर्दू दस्तावर अंगठा उठवणाऱ्या शेतकऱ्याची पणती आज इंग्रजी संदेशासमोर उभी आहे. ‘हा आकडा कोणालाही सांगू नका’ असे त्या संदेशात लिहिलेले असते, पण ते तिला वाचून दाखवायलाच दुसऱ्या कोणाला तरी फोन द्यावा लागतो.

आणि सहा आकडे आता फक्त बँकेपुरते राहिलेले नाहीत. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारच्या नंबरवर दुसरा, अशी अट होती. ज्यांचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत त्या बायांनी कोणाचा ओटीपी आणायचा, हा प्रश्न राज्यभर उठला. मुदत वाढवावी लागली. दीड हजार रुपये महिना ही ज्या घरात शिल्लक टाकता येणारी एकमेव रक्कम होती, त्या घरांतल्या बाया सेवा केंद्राच्या दारात रेंज येईपर्यंत थांबल्या.

दुसऱ्याचा नंबर खात्याला जोडला जाणे ही केवळ खेड्यातली चूक आहे, असेही कोणी समजू नये. बँक ऑफ बडोदाच्या ‘बॉब वर्ल्ड’ या अ‍ॅपवर नोंदणीचे आकडे वाढवण्यासाठी ग्राहकांच्या खात्यांना भलत्यांचेच नंबर जोडल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या. १० ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने त्या अ‍ॅपवर नवे ग्राहक घेण्यास बंदी घातली. ती ८ मे २०२४ ला उठली.

गंमत नव्हे, पण विचार करण्यासारखी गोष्ट ही, की ओटीपीने जिथे अडवले तिथे अंगठाच पुन्हा कामाला आला. ग्राहक सेवा केंद्रात आधारच्या यंत्रावर बोट ठेवले की पैसे मिळतात. खेड्यातली बरीच रोकड आज अशीच निघते. पण तो जुना, शाईचा अंगठा नाही. कापसाच्या वेचणीत बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटे चिरतात, ऊस सोलताना रेषा झिजतात, हळद शिजवणाऱ्यांच्या बोटांची कातडी राठ होते. यंत्र ‘ठसा जुळत नाही’ म्हणते. मग केंद्रवाला ओल्या फडक्याने बोट पुसतो, हा नाही तर तो, दहाही बोटे लावून पाहतो. बाई पदराला बोट घासते. शाईचा ठसा पुसट आला तर जुना रोखपाल मान वर करून तोंड पाहायचा आणि म्हणायचा, ठीक आहे. या यंत्राला तोंड पाहता येत नाही.

रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ ला पडताळणीचे नवे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पासूनचे. दोन वेगळ्या खुणांची पडताळणी कायम आहे, पण ती संदेशातल्या ओटीपीनेच झाली पाहिजे असे नाही. बँकांना दुसरे मार्ग काढायला मोकळीक आहे. हे दार उघडे झाले आहे. त्यातून शहरातल्या चकचकीत फोनचीच सोय होणार, की झिजलेल्या बोटांचीही, हे बँकांनी ठरवायचे आहे. ठरवताना त्यांनी आपल्याच नियमातला पायाचा अंगठा आठवावा. ज्यांनी तो लिहिला त्यांना माहीत होते, की ओळख पटवण्याचे ओझे दुबळ्या माणसावर टाकायचे नसते.

तोवर वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. घरातल्या आईच्या, आजीच्या, मावशीच्या पासबुकाला कोणाचा नंबर जोडला आहे, ते या आठवड्यात शाखेत जाऊन पाहावे. तो तिचा नसेल तर साधा अर्ज देऊन बदलून घ्यावा. आणि तिच्याकडे फोनच नसेल, तर खिडकीवर कोणी काहीही म्हणो, एवढे लक्षात ठेवावे: २०१७ च्या परिपत्रकाने नंबर नसलेल्या ग्राहकाच्या इलेक्ट्रॉनिक सोयींवर मर्यादा घातली आहे. शाखेत पासबुक घेऊन, स्लिपवर अंगठा उठवून आपले पैसे काढण्याला त्यात मनाई नाही. ते नाकारले, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी, आणि तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते.